वरचं टिचबटण

गुरुवारी दुपारी मास्तरला एका घरून कपड्यांचा गठ्ठा आणायचा होता. काम एवढंच. जायचं, गठ्ठा बांधायचा, खांद्यावर टाकायचा आणि परत यायचं. अशी कामं त्यानं जन्मभर केली, आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट झाली नाही. याची झाली.

सरका जरा आत. दार लोटून घ्या, थंडी आहे. दिवा मोठा करू नका, राहू दे तसाच. मला तुमची तोंडं दिसली काय नि न दिसली काय, सारखंच. आणि आधीच सांगून ठेवतो, हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. मास्तरच्या बाबतीत घडलं. पण मास्तर काही थापा मारणाऱ्यातला नव्हता. थाप मारायला थोडी हुशारी लागते आणि थोडी फुरसत लागते. त्या बिचाऱ्याकडे दोन्ही नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिलाई मशीनवरचा. आमचं दुकान जुन्या कपड्यांचं. लोकांना नको झालेले कपडे आम्ही विकत घ्यायचो, धुवायचो, नीटनेटके करायचो आणि परत विकायला टांगायचो. मालकीण निवडायची, मास्तर शिवायचा, मी इस्त्री मारायचो. मालकिणीला सगळे वहिनी म्हणत. कुणाची वहिनी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गठ्ठा आला की वहिनी त्याचे तीन ढीग करायच्या. चांगलं ते हँगरवर, फाटकं-उसवलेलं मास्तरकडे, आणि उरलेलं चिंध्यांत. आम्हा दोघांकडे बघून कधीकधी म्हणायच्या, बरं झालं तुम्ही गठ्ठ्यातून आला नाहीत, सरळ तिसऱ्या ढिगात गेला असतात. आम्ही हसायचो. खरंच होतं ते. इस्त्रीपाशी उभं राहून राहून माझ्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. मास्तरची मान तर मशीनवर वाकून वाकून अशी झाली होती, की समोरच्याकडे बघायचं तरी खालून वर बघायचा.

आता या धंद्यातली एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या कपड्यात आधीचा माणूस उरतो. कोपर उरतं, गुडघा उरतो. एक खांदा पाडून चालायची सवय असली, तर ती उरते. गिऱ्हाइकाला ते नको असतं. त्याला वाटायला हवं, की हे माझ्यासाठीच शिवलंय. तेव्हा मास्तरचं काम काय, तर त्या आधीच्या माणसाला कपड्यातून हलक्या हातानं बाहेर काढायचं. वाढवलेलं कमी करायचं, कमी केलेलं वाढवायचं, पहिल्यासारखं करून ठेवायचं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तर गुरुवारी गेला तो. तिसरा मजला, अरुंद जिना. दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. अंगात राखाडी स्वेटर, पण बटण एकही लावलेलं नाही. दोन्ही पदर मुठीत धरलेले. आत खाटेवर कपडे काढून ठेवले होते, सगळे पुरुषाचे. मालक गेल्या महिन्यात वारले, म्हणाली. गाठ तेवढी तुम्हीच मारा, माझी बोटं वळत नाहीत, म्हणाली. मास्तरनं आपल्या सवयीनं विचारलं, की मावशी, आठवणीला एखादा शर्ट ठेवून घेता का?

ती म्हणाली, "आठवण खूप आहे हो भाऊ. कपडे न्या."

डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती बाईच्या, असं मास्तर मला सांगत होता. रडून रडून होतात तशी नव्हेत. जागून जागून होतात तशी. जिना उतरून तो रस्त्याला लागला. मागं बघितलं, तर ती खिडकीत उभी, स्वेटर मुठीत धरून.

दुकानात गठ्ठा सोडला आणि वहिनींनी कपाळाला हात लावला. शर्ट चांगले होते, कापड मजबूत. पण प्रत्येकाची काजं शिवून बुजवलेली. बुजवलेल्या काजावर वरून बटण टाकलेलं, नुसतं दिसायला, आणि त्याच्या पोटाशी आतून टिचबटण. दाबलं की टच् करून लागणारं असतं ना, ते. शिवाय डावी बाही उजवीपेक्षा आखूड, तिचं मनगट चिरून रुंद केलेलं. वहिनी म्हणाल्या, कुठल्या शहाण्यानं शिवलंय हे, त्याला एकदा बोलवा, मला दर्शन घ्यायचंय.

 मास्तर शुक्रवारी बसला आणि एकेक शर्ट उसवायला लागला. टिचबटणं काढली. बुजवलेली काजं उघडली, बटणं आपल्या जागी परत लावली. डावी बाही सोडून उजवीबरोबर केली. सोमवारपासून थंडीच्या कपड्यांचा सेल लागायचा होता, त्यामुळे घाई. एक निळ्या चौकड्यांचा जाड शर्ट होता. त्याचं गळ्यापाशी वरचं टिचबटण आधीच निघालेलं होतं, दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं. मास्तर म्हणाला, चला, एक काम वाचलं.

तो शर्ट माझ्याकडे इस्त्रीला आला. डाव्या बाहीवर जुन्या दुमडीची रेघ होती. पाणी मारलं, दाबून इस्त्री फिरवली. गेली. शर्ट उलटा करून सुलटा केला, तर रेघ परत वर. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. मी म्हटलं, राहा बाई तूच, माझे पाय दुखतात. आणि दिला हँगरवर लावून.

शनिवारी रात्री मी लवकर घरी आलो. मास्तर मागं राहिला. सेलच्या दिवसांत त्याची शेवटची बस चुकायचीच, मग तो दुकानातच झोपायचा. मागच्या खोलीत मशीन, तिथंच जमिनीवर सतरंजी. खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट. तिच्यातून पुढचं सगळं दुकान दिसायचं. कपड्यांच्या रांगा, गल्ला, आणि पार टोकाला गिऱ्हाइकाचा उंच आरसा. शटर आतून ओढून त्यानं कुलूप घातलं होतं. किल्ली त्याच्या खिशात.

गल्ल्यावरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. मास्तरनं मान वर केली ती दुखायला लागली म्हणून, तेव्हा घड्याळ दिसलं. पुढचे दिवे बंद होते. मशीनवरचा एक दिवा काय तो चालू.

तेवढ्यात पुढं हँगर वाजला.

एक हँगर दुसऱ्याला लागतो, तसा. त्याला वाटलं मांजर असेल. मांजरं यायची कधीमधी, लोकरीच्या ढिगात झोपायला. त्यानं पुन्हा मान खाली घातली. मग दुसरा आवाज आला. बारीक. नखानं बटण खरवडावं, तसा. थांबायचा. पुन्हा यायचा. थांबायचा...

मास्तरनं पाय मशीनवरून खाली घेतला. बघितलं.

आरशासमोर एक माणूस उभा होता. मास्तरकडे पाठ. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.

आता गंमत बघा, मास्तरला आधी भीती वाटलीच नाही. इतका थकलेला होता. थकलेल्या माणसाला भीतीसुद्धा उशिरा पोचते. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. म्हणणार होता, दुकान बंद झालंय, सोमवारी या. तोंड उघडलं आणि खिशातली किल्ली मांडीला टोचली.

मग पोचली.

तो माणूस खालून वर बटणं लावत होता. एका हातानं. उजव्या. डावा हात नुसता लोंबत होता, आणि डाव्या बाहीनं तो बोटांच्या टोकांपर्यंत झाकून गेला होता. मास्तरनं वाढवलेली बाही ती. बटण काजाशी जायचं, सुटायचं. पुन्हा धरायचा. एक लागलं. दुसरं लागलं. वरपर्यंत आला, थांबला, आणि सगळी काढून पुन्हा खालून सुरुवात केली. घाई नाही. चिडचिड नाही. रोजचं काम असल्यासारखं...

आरशात शर्ट दिसत होता. शर्टाच्या वर काय होतं, ते मास्तरनं बघितलं नाही. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, नाही बघितलं.

मग तो माणूस बोलला. तक्रार नव्हती आवाजात. घरातल्या माणसाशी बोलावं, तसा.

"वारा शिरतोय."

एवढंच.

 मास्तरचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथंच राहिला. नखाचा आवाज चालूच. थांबायचा. यायचा... कितीतरी वेळ. पहाटे दूधवाल्याची सायकल खडखडत गेली, आणि मग आवाज आला नाही.

उजाडल्यावर मास्तर उठून पुढं गेला. शटरला कुलूप तसंच. शर्ट हँगरवर, आपल्या जागी. पण बटणं लावलेली, आणि एक घर चुकवून लावलेली. खालचं पहिलं बटण सोडून दिलेलं, दुसरं पहिल्या काजात, तिसरं दुसऱ्या काजात, असं वरपर्यंत. खाली एक बटण उरलेलं, वर एक काज रिकामं, आणि एका बाजूची कॉलर कानापर्यंत चढलेली.

तुम्ही असता तर काय केलं असतं? हो, पळाला असतास. मीही पळालो असतो. मास्तरनं तोंड धुतलं, शर्ट तसाच कागदात गुंडाळला आणि रविवारी दुकान बंद असल्यामुळे चालत त्या बाईकडे गेला. मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, जायचं कशाला? तर म्हणाला, चूक काय झालीय ते कळायला नको?

बाईनं दार लगेच उघडलं. झोपलेली नव्हतीच ती. मास्तरनं काही सांगितलं नाही, नुसता कागद सोडून शर्ट पुढं धरला. तिनं बघितलं आणि खाटेवर बसली.

"हे यांनी लावलंय," म्हणाली.

मग तिनं सांगितलं सगळं, सावकाश. मालकांना झटका आला होता. डावी बाजू गेली. कपडे घालायचे तर हिनं घालायचे. पण माणूस मानी. माझी बटणं मी लावीन म्हणायचा, आणि बसायचा एका हातानं झगडत. खालचं बटण नेमकं सोडून द्यायचा आणि वर येऊन अडकायचा. पुन्हा काढायचा. पुन्हा लावायचा. हिला बघवेना. तेव्हा बोटं बरी होती हिची. हिनं बसून सगळ्या शर्टांना टिचबटणं लावली, आखडलेल्या हाताच्या बेतानं बाही आखूड केली. वरून बटणंही ठेवली, चार माणसांत कुणाला कळू नये म्हणून. त्या दिवसापासून मालक आपले आपण कपडे घालायला लागले.

मास्तर खाली बघत बसला होता. ज्याला तो वेड्याचं शिवण समजला, ते हे होतं.

पुढचं सांगताना बाई थांबत थांबत बोलत होती. मालक गेले, त्या रात्री ते उठून बसले. थंडी वाजतेय म्हणाले. चौकड्यांचा शर्ट घातला, तर त्याचं वरचं टिचबटण निघून आलं. हिला हलवून म्हणाले, वारा शिरतोय गळ्यात, एवढं टाकून दे. पण हिची बोटं आता रात्रीची वळत नाहीत. सकाळी गरम पाण्यात बुडवली की मग घटकाभर सुटतात. आणि दिवसभराची दमलेली. कितीतरी वर्षांची दमलेली. ही म्हणाली, सकाळी शिवून देते, झोपा आता. आणि कूस बदलली.

"ते काही बोलले नाहीत. सकाळी हात लावला तर..."

  खाली रस्त्यावर कुणी बादली आपटत होतं, ते दोघं ऐकत बसले.

मग ती म्हणाली, की तेव्हापासून डोळा लागत नाही. लागेलसं वाटलं, की कुणीतरी हलवून उठवतंय असं होतं. वाटलं, कपडे गेले म्हणजे झोप येईल, म्हणून विकले. कपडे गेले, झोप काही आली नाही. तिला आता दुसरं काही नको होतं. एक रात्र, सलग. मास्तर म्हणाला, शर्ट ठेवा तुमच्याकडे. ती नको म्हणाली. घरात शर्ट असला तर रात्रभर त्याच्याकडेच बघत बसेन, म्हणाली.

मास्तर शर्ट घेऊन परत आला. त्याला काय सुचलं असेल? देवाधर्मातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याला शिवण कळत होतं. तो मशीनवर बसला आणि त्या शर्टाचं उसवलेलं सगळं परत होतं तसं करायला लागला. काजं बुजवली. वर बटणं ठेवली. पोटाशी टिचबटणं लावली. डावी बाही आखूड केली, आणि तिची रेघ होतीच जागेवर, टाचणीसुद्धा लावावी लागली नाही. संध्याकाळ झाली. रात्र झाली. सगळ्यात शेवटी वरचं टिचबटण घेतलं. ते मशीनवर नाही, हातानं. दुहेरी दोरा घेऊन, प्रत्येक भोकात तीन-तीन टाके.

शर्ट हँगरवर लावला. दिवा चालू ठेवला. शटरला कुलूप. आणि बसला.

पाऊण वाजला.

हँगर वाजला.

या वेळी तो माणूस आरशासमोर नव्हता. रांगांच्या मधल्या वाटेनं येत होता. एक पाय ओढत. पायाचा आवाज नाही. कपड्यांचा आवाज. बाजूचे कपडे हलत होते, एकामागून एक... जवळ... अजून जवळ...

चौकटीत येऊन थांबला.

मास्तरची मान वर होत नव्हती. आधीच वाकलेली ती. त्याला चौकड्याच दिसत होत्या. खालचं टिचबटण लागलं. टच्. त्याच्या वरचं. टच्. उजवा अंगठा दाबत दाबत वर चालला होता. एकही चुकलं नाही.

गळ्यापाशी येऊन अंगठा थांबला.

मास्तरनं नवीन टिचबटण लावलं होतं. नवीन टिचबटण घट्ट असतं, पोरांनो. दोन बोटांचा जोर लागतो. एका अंगठ्यानं ते लागत नव्हतं.

अंगठा दाबत होता. थांबत होता. दाबत होता...

"वारा शिरतोय."

आणि मास्तर उठला. कसा उठला ते त्याला सांगता येईना. म्हणाला, पाय माझे नव्हतेच. त्यानं दोन्ही हात पुढं केले. कॉलर नीट केली. बोटं गळ्याला लागली. तो गळा कसा होता ते तो बोलला नाही. नुसता आपला हात, ऊब घ्यावी तसा, माझ्या गरम इस्त्रीवर धरला, इतका जवळ, की मी ओढून घेतला. मग त्यानं वरचं टिचबटण दोन बोटांत धरलं आणि दाबलं.

टच्.

 दोघं उभे. मग अगदी हळू, जसं शेजारी कुणी झोपलंय...

"ती झोपली का?"

मास्तरनं आयुष्यात जमलेली एकच थाप तिथं मारली.

"हो. झोपल्या."

 कपडे हलले. एकामागून एक, लांब... लांब... शेवटचा हँगर वाजला आणि दुकान गप्प झालं. मास्तर खाली बसला, आणि बसल्या जागी त्याला झोप लागली. अशी झोप त्याला पुन्हा कधी लागली नाही, असं तो म्हणायचा.

आता थोडंच राहिलंय, मग उठू सगळे.

सोमवारी सकाळी मी दुकानात पोचलो, तर वहिनी बडबडत होत्या, की सेलचा दिवस आणि मास्तर गायब. मास्तर त्या जिन्यावर होता. बगलेत शर्ट. ती नको म्हणाली होती, पण आता विकायला ठेवणं त्याच्या जिवाला पटेना. म्हटलं, दारात ठेवून यावा. त्यानं कडी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली.  तिसऱ्यांदा वाजवली, तेव्हा कुठं आत पावलं वाजली.

बाईनं दार उघडलं. गालावर उशीचे वळ. डोळे अजून उघडत नव्हते तिचे. उन्हाकडे बघून म्हणाली, अगं बाई, इतकं वर आलं? रात्री पडले ते आत्ताच जागी होतेय. आणि हसली. ती हसते हे मास्तरला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मास्तरला हसता आलं नाही.

त्याची नजर तिच्या स्वेटरवर गेली होती. तो राखाडी, नेहमी मुठीत धरलेला. तिच्या दोन्ही मुठी मोकळ्या होत्या. एका हातात कडी, दुसरा कपाळावर, उन्हाच्या आड.

तिला तिची बोटं बटण लावू देत नाहीत. घरात दुसरं कुणी नाही. आणि स्वेटरची बटणं लावलेली होती. सगळी, वरपर्यंत, एक पदर पार हनुवटीला भिडलेला, वारा शिरायला जागा नाही अशी.

खाली एक बटण उरलं होतं. आणि वर एक काज रिकामं.